पाच फूट दोन

माझ्या लग्नाच्या बायोडेटात उंची पाच फूट दोन इंच लिहिलेली होती. मी पाच सहा आहे. हे वडिलांनी केलं आणि त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. मुलगा पाच पाच, अंबरनाथच्या एमआयडीसीत कायम नोकरीला, आणि मुलाकडच्यांची एकच अट, मुलगी मुलापेक्षा उंच नको. बघायला आले त्या दिवशी मला सांगण्यात आलं की पोह्यांचा ट्रे घेऊन वाकूनच आत यायचं, ट्रे ठेवला की बसायचं आणि मंडळी जाईपर्यंत उठायचं नाही. पायाला मुंग्या आल्या तरी मी उठले नाही.

मंडपात शेजारी उभे राहिलो तेव्हा सगळ्यांना दिसलं. तोवर अक्षता पडल्या होत्या. सासू माझ्याकडे मान वर करून बघत म्हणाली, "बापाने चार इंच चोरले की गं तुझ्या."

हे वाक्य तिने पुढे पुरवून पुरवून वापरलं. माळ्यावरचा डबा काढायचा असला, पंखा पुसायचा असला की, "ये, त्या चोरीच्या मालाचा उपयोग होऊ दे." मी सपाट चपला घालायला लागले. फोटोत एक गुडघा वाकवायचा, हे कोणी न सांगता शिकले. चारचौघांत गेलं की आधी खुर्ची शोधायची. नवऱ्याने मला कधी वाक म्हटलं नाही. सरळ उभी राहा, असंही कधी म्हटलं नाही.

मुलगी झाली तेव्हा तिची पावलं सुजलेली होती, पावासारखी. सासू बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची, दहा-बारा बाळंतपणं हाताखालून गेलेली. तिने महिनाभर कोमट तेल चोळून सूज उतरवली आणि ते सगळ्या आळीला सांगितलं. सूज का आली, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मुलगी चणीने लहानच राहिली. कान सारखा दुखायचा, बाकी ठणठणीत. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. मुलं तिला 'छोटा रिचार्ज' म्हणायची, 'हाफ तिकीट' म्हणायची. घरी येऊन सांगितलं तर मी म्हणायचे, "उंचीने कोणाचं पोट भरतं का? डोकं चालव." मी स्वतः तिला 'चिमटी' म्हणायचे. लाडाने म्हणते, असा माझा समज होता.

युनिफॉर्म आम्ही उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका दुकानातून शिवून घ्यायचो, कारण माझी नोकरी तिथेच. दर खेपेला मी खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायला सांगायचे, पुढच्या वर्षी उसवायला. तीन वर्षं तो फ्रॉक तिने घातला आणि दुमड उसवावीच लागली नाही. दुकानदार सिंधी, जुना ओळखीचा. म्हणाला, "भाभी, बेबी का साइज ही नहीं बदलता, मेरा धंदा कैसे चलेगा?" दुकानातली सगळी हसली. मीही हसले. मुलगी काउंटरच्या काचेतली बटणं बघत राहिली.

आता माझ्या नोकरीबद्दल, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मी रक्ताचे नमुने घेणाऱ्या एका सेंटरमध्ये आहे. रक्त काढायचं, नळीवर नाव चिकटवायचं, नमुने मोठ्या लॅबला पाठवायचे, रिपोर्ट आले की द्यायचे. आमच्याकडे लग्नाच्या मुलींच्या आया येतात. मुलीचं थायरॉईड तपासायचं असतं, पण नाव स्वतःचं सांगतात. वय स्वतःचं. एकवीस वर्षांच्या मुलीचं रक्त पंचेचाळीस वर्षांच्या बाईच्या नावाने जातं आणि मुलगी बाजूला मोबाईल बघत बसते. मी कधी हरकत घेतली नाही. कागद कुठे कुठे पोचतो आणि तो पोचला की काय होतं, हे मी रोज बघते. एका मुलीचं ठरलेलं लग्न एका गोळीच्या चिठ्ठीवरून मोडलेलं मी पाहिलं आहे.

मुलगी नऊ वर्षांची झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात कान फार दुखला म्हणून मी तिला अंबरनाथच्या एका मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. सासू बरोबर होती. डॉक्टरने कान पाहिला, औषध लिहिलं आणि मग मुलीकडे परत एकदा बघितलं. तिला भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं. एकशे सोळा सेंटीमीटर. फाईलमधून एक छापील तक्ता काढून त्यावर ठिपका दिला.

"शेवटच्या रेघेला टेकली आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे हिच्या वयाच्या शंभर मुली उंचीने ओळीत उभ्या केल्या तर ही खालून तिसरी."

"चणीने बारीक आहे आमची," सासू म्हणाली.

"घरात कोण बुटकं आहे का? आईवडील बुटके असले तर मुलगी बुटकी, त्यात काळजीचं काही नाही. पण आईवडील उंच आणि मुलगी इतकी खाली, असं असलं तर मी थांबत नाही. रक्ताची एक तपासणी सांगतो, गुणसूत्रांची."

मी विचारलं, कशासाठी. त्याने लिहिता लिहिताच सांगितलं. मुलींमध्ये दोन एक्स असतात. काही मुलींमध्ये एक नसतो, किंवा काही पेशींत असतो आणि काहींत नसतो. बाहेरून कधी कधी उंचीशिवाय काहीच दिसत नाही. अशा बऱ्याच मुलींना पाळी आपोआप येत नाही, मूल राहणं अवघड असतं. हृदय आणि किडनी तपासून घ्यावी लागते. "लवकर कळलं तर उंचीची इंजेक्शनं देता येतात. हाडं बंद झाल्यावर कळलं तर मग काही करता येत नाही."

सासूच्या कानात यातलं कुठलं वाक्य अडकलं हे मला तिच्याकडे न बघता कळलं. माझ्याही तेच अडकलं होतं.

"वडिलांची उंची?" त्याने विचारलं.

"पाच पाच," सासू म्हणाली.

"आईची?"

मी बसलेली होते. नेहमीप्रमाणे आत शिरल्या शिरल्या खुर्ची धरली होती. तो मला काय विचारतोय आणि कोणत्या उत्तराने काय होणार, हे मला पूर्ण समजलं होतं. अडाण्यासारखं झालं, घाईत झालं, असं मी लिहिणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो रिपोर्ट आला, वर मुलीचं नाव, आणि तो कागद कुठे कुठे पोचतो ते.

"पाच दोन," मी म्हणाले.

आता सासू बोलेल म्हणून मी थांबले. अकरा वर्षं ती या आकड्यावर टपून बसली होती. तिने मुलीच्या वेणीची रिबन सारखी केली आणि म्हणाली, "हो, पाच दोन. बायोडेटात तसंच होतं."

आम्हा दोघींचं तोवर कशावरच एकमत झालेलं नव्हतं.

डॉक्टरने मोबाईलवर हिशेब केला. केसपेपरवर माझी उंची लिहिली, एकशे सत्तावन्न. "घरच्या उंचीच्या मानाने जेमतेम बसते. सहा महिन्यांनी आणा, परत मोजू. वाढली नसेल तर तपासणी करूच." बाहेर गर्दी होती. तो पुढच्या पेशंटची फाईल उघडेपर्यंत मी पर्समध्ये काही तरी शोधत राहिले आणि मग वाकून उठले. मुलगी माझ्याकडे बघत होती.

त्या दिवसानंतर सासूने चार इंचांचा विषय बंद केला. माळ्यावरचा डबा हवा असला तर नुसतं "डबा काढ" म्हणायची.

सहा महिन्यांनी आम्ही गेलो नाही. वर्षाने नाही. कान दुखला की आमच्या घराजवळ, बदलापुरातच दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. केसपेपर कपाटात साड्यांखाली होता, साड्या काढताना तो हाताला लागायचा. मी मनात एक ठरवलं होतं, पाळी आली की सगळं आपोआप खोटं ठरेल. तोपर्यंत थांबायचं. थांबण्याला काही करावं लागत नाही, हे त्यातलं सोयीचं.

चार वर्षं गेली. वर्गातल्या मुली वाढल्या, त्यांच्या आया दुकानात दुमडी उसवून घ्यायला लागल्या. स्नेहसंमेलनात माझ्या आठवीतल्या मुलीला बाईंनी बाळाचं काम दिलं, टोपरं घालून. नको म्हणाली तर बाई म्हणाल्या, "अगं, तू अगदी फिट बसतेस." घरी येऊन तिने टोपरं माझ्यासमोर कात्रीने कापलं. ते शाळेचं होतं म्हणून मी तिला ओरडले. सासू दर आठवड्याला मला हळूच विचारायची, "अजून नाय?" मी मान हलवायचे.

मग शाळेत आरोग्य तपासणी झाली. एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मुलगी संध्याकाळी घरी आली आणि एक चिठ्ठी ओट्यावर ठेवली. उंची एकशे एकोणतीस. आईवडिलांच्या उंचीच्या मानाने फारच कमी. हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवून गुणसूत्र तपासणी करून घ्यावी.

"आमची उंची त्यांना कोणी सांगितली?" मी विचारलं.

"मी. त्यांनी विचारली."

"काय सांगितलंस?"

"बाबा पाच पाच. आई बाबांपेक्षा उंच आहे, पण वाकते."

मी तिच्या थोबाडीत मारली. एकच. ती रडली नाही. गाल धरून म्हणाली, "खोटं आहे का?"

सासू भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही.

रात्री जेवताना नवऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "त्या अंबरनाथच्या डॉक्टरने काय सांगितलं होतं तेव्हा?"

"थांबा म्हणाला होता," मी म्हणाले. यातला अर्धा भाग खरा होता.

"मग आता बघा तुम्ही दोघी," तो म्हणाला आणि वरण मागितलं.

मुलगी आत झोपायला गेली. सासू माझ्याजवळ सरकली. "रक्त काढायचं तर काढ. पण तुझ्या नावाने काढ. त्या बाया काढतात ना तुझ्याकडं?"

"नाही चालणार. पुढे औषधं लागली तर हिच्या नावाचाच रिपोर्ट लागेल."

"आन हिचं लगीन?"

आतून आवाज आला, "आजी, मी इथेच आहे. ऐकू येतं मला."

दुसऱ्या दिवशी मी तिला सेंटरवर नेलं आणि तिचं रक्त स्वतः काढलं. हिरव्या टोपणाची नळी लागते याला. नळीवर तिचं नाव, तिचं वय. माझ्या हाताला शीर चुकत नाही, त्या दिवशी दोनदा चुकली. "तुला येत नसेल तर दुसऱ्या ताईंना सांग," मुलगी म्हणाली. तिसऱ्यांदा आलं.

रिपोर्टला तीन आठवडे लागले. लोकांचे रिपोर्ट मी वाचत नाही, छापते आणि पाकिटात घालते. हा वाचला. काही पेशींत दोन एक्स, निम्म्याहून जास्त पेशींत एकच. मी तो छापला, पाकिटात घातला, आणि पुढचा नंबर पुकारला.

हार्मोनचा डॉक्टर ठाण्यात. नवऱ्याने सुट्टी काढली, सासू हट्टाने आली. मी सगळे कागद नेले, अंबरनाथचा केसपेपरसुद्धा. तो ठेवून जाता आला असता. का नेला हे मला नीट सांगता येणार नाही. कागद पूर्ण न्यायची सवय, असं धरून चालू.

या डॉक्टरने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी म्हणाला, "आईवडील दोघांनी चपला काढा." विचारलं नाही. मोजायला उभं केलं. नवरा एकशे पासष्ट. मग मी. टाचा भिंतीला लावल्या, पण खांदे आपोआप खाली आले. मोजणाऱ्या मुलीने माझ्या पाठीत दोन बोटं रुतवली, "मॅडम, सरळ."

एकशे अडुसष्ट. तिने मोठ्याने सांगितलं. सगळे बघत होते.

डॉक्टरने जुना केसपेपर उलगडला. "इथे एकशे सत्तावन्न आहे."

"हो."

"मोजली होती?"

"नाही. विचारली होती."

"आणि?"

"मी सांगितली."

तो रागावला नाही. रागावला असता तर मला काही तरी उत्तर देता आलं असतं. त्याने विचारलं, "जन्मल्यावर पावलांना सूज होती का?"

"होती ना," सासू पुढे होऊन म्हणाली. "पावासारखी. मी महिनाभर तेल चोळून उतरवली."

"ती याचीच खूण असते," तो लिहीत म्हणाला. "त्याच दिवशी शंका घेता आली असती." सासूने हात पदराखाली घेतले आणि ठाण्याहून घरी येईपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.

मुलीच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला, हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाच्या एका झडपेला तीनच्या जागी दोन पाकळ्या निघाल्या. सध्या धोका नाही, दरवर्षी बघायचं. "चार वर्षं हिचं हृदय कोणी बघितलंच नव्हतं," तो म्हणाला, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता. हाडं अजून उघडी होती, साडेअकराच्या मुलीसारखी. दोन वर्षं हातात आहेत, मिळेल तेवढी उंची घेऊ. पाळीसाठी गोळ्या पुढे सुरू करू. मुलाबाळांचंही त्याने तिलाच सांगितलं, सरळ, तिच्याकडे बघून.

ती ऐकत होती. तिने एकच विचारलं. "नऊ वर्षांची असताना सुरू केलं असतं तर मी किती उंच झाले असते?"

"असं मोजून सांगता येत नाही."

"अंदाजे."

"थोडी जास्त. काही इंच."

"चार?"

चार कुठून आले हे डॉक्टरला कळणं शक्य नव्हतं. "चारही असतील, कमीही असतील," तो म्हणाला.

मुलगी खुर्चीत मागे वळली. "आजी, आता कोणी चोरले?"

नवरा छताकडे बघत होता. डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहीत राहिला.

इंजेक्शनं सुरू झाली. खर्चाचं इथे लिहीत नाही, तो केला. रोज जेवणाआधी एक, पेनासारखं असतं. पहिल्या दिवशी मी ते हातात घेतलं, माझं कामच ते. मुलगी म्हणाली, "तुझ्या हाताने नको." ती स्वतः घेते, मांडीत, टीव्ही बघत. पाड्यावर सासूने सगळ्यांना सांगितलंय की पोरीला थायरॉईड आहे. एका चुलतसासूने मला परवा विचारलं, "कमी की जास्त?" मी म्हणाले, "कमी."

शाळेत तिला अजून 'हाफ तिकीट' म्हणतात. ती आता उलट काही तरी म्हणते, जे मी लिहू शकत नाही. बाईंनी तक्रार केली. मी जाऊन ऐकून आले आणि घरी काही बोलले नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर उंची मोजते. पेन्सिल, फूटपट्टी आणि स्टूल घेऊन येते. स्टूल माझ्यासाठी लागतं.

"आधी तू," ती म्हणते.

पहिल्यांदा मी म्हणाले, "माझी काय मोजतेस? माझी वाढायची थोडीच आहे."

"माहीत आहे. टाचा लाव."

ती स्टुलावर चढते, फूटपट्टी माझ्या डोक्यावर आडवी दाबते आणि रेघ ओढते. मग उतरून स्वतः उभी राहते आणि तिची रेघ आजीकडून मारून घेते. आजीचा हात हलतो, तरी तिच्याकडूनच. सव्वा वर्षात तिच्या रेघा चौकटीवर आठ सेंटीमीटर वर आल्या आहेत. डॉक्टर म्हणतो बरं चाललंय. माझी रेघ एकाच जागी, पेन्सिल गिरवून गिरवून जाड झालेली.

गेल्या रविवारी सवयीने माझे खांदे पडले असावेत. रेघ जाड रेघेच्या खाली आली, बोटभर. मी चपला घालायला वळले होते. स्टुलावरून तिने अंगठ्याने ती पुसली.

"खोटी आली," ती म्हणाली. "परत उभी राहा."

मी परत उभी राहिले.